ऋतू बदलला की डायलिसिसच्या माणसाची काळजीही बदला



गटाच्या बैठकीत बचत, कर्ज आणि परतफेडीचा हिशेब झाला की जाता जाता घरच्या दुखण्याखुपण्याच्या गोष्टी निघतात. भूम असो, कळंब असो की उमरगा, हल्ली एक वाक्य बऱ्याचदा कानावर पडतं, "आमच्याकडं डायलिसिस चालू हाय." कुणाच्या मालकांचं, कुणाच्या सासूबाईंचं, कुणाच्या भावाचं, तर कधी गटातल्याच एखाद्या ताईचं. डॉक्टर पथ्य सांगतात, कागदावर लिहूनही देतात. पण तो कागद ज्या महिन्यात मिळतो त्या महिन्यापुरता डोक्यात राहतो. जानेवारीत सांगितलेलं पथ्य मे महिन्यात जसंच्या तसं चालत नाही, आणि मे महिन्यातलं श्रावणात चालत नाही. म्हणून या वेळचा आरोग्य पाठ आहे ऋतू आणि डायलिसिस यावर. ज्यांच्या घरी डायलिसिस नाही त्यांनीही वाचा. शेजारच्या घरात उपयोगी पडेल.

आधी थोडं समजून घेऊ

आपली किडनी रात्रंदिवस काम करते. रक्तातली घाण, जास्तीचं पाणी, जास्तीचं मीठ आणि पोटॅशियम नावाचा क्षार ती लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी निकामी झाली की हेच काम मशीन करतं. मशीन आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा लागतं आणि एका वेळेला साधारण चार तास चालतं. आता हिशेब करा. आठवड्याचे तास १६८. त्यातले मशीनवरचे तास ८ ते १२. उरलेले दीडशेहून जास्त तास माणूस घरी असतो, तुमच्या-माझ्या हातचं खातो-पितो. त्या तासांत जे साचतं ते पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहतं.

पाणी साचलं की पाय सुजतात, धाप लागते, बीपी वाढतो. पोटॅशियम साचलं की हातपाय गळतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. पोटॅशियमचं वाईट म्हणजे ते दिसत नाही. सूज नाही, दुखणं नाही, आणि माणूस एकदम जातो. म्हणून ही दोन नावं लक्षात ठेवा: पाणी आणि पोटॅशियम. पुढचा सगळा पाठ या दोघांभोवतीच आहे.

ऋतूचा संबंध काय?

थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि घाम येत नाही. त्यामुळे बीपी चढतो आणि पाणी अंगात राहतं. उन्हाळ्यात उलटं होतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, घाम जातो, बीपी उतरतो. निरोगी माणसाची किडनी हे सांभाळून घेते. डायलिसिसच्या माणसाकडं सांभाळणारं कुणी नसतं.

फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या डॉक्टरांनी डायलिसिसच्या रुग्णांचा बीपी वर्षानुवर्षं मोजला आणि १९९८ मध्ये निष्कर्ष छापला: हिवाळ्यात बीपी सगळ्यात जास्त, उन्हाळ्यात सगळ्यात कमी. अमेरिकेत हजारो रुग्णांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये असंच दिसलं. तिथं मृत्यूंचं प्रमाणही हिवाळ्यात जास्त होतं. आपली थंडी तिथल्यासारखी बर्फाची नाही हे खरं. पण आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे शेकोटीशिवाय बसवत नाही. एवढा फरक शरीराला पुरेसा आहे.

उन्हाळा: सगळ्यांना सांगितलेला सल्ला यांना लागू नाही

मार्च संपला की सगळीकडं सांगितलं जातं, उन्हात भरपूर पाणी प्या, ताक घ्या, नारळपाणी घ्या, ओआरएस घ्या. तुम्हा-आम्हाला हे बरोबर आहे. पण डायलिसिसच्या माणसासाठी हाच सल्ला जीवावर बेतू शकतो. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. ओआरएसच्या पुडीत मीठही असतं आणि पोटॅशियमही. कलिंगड, खरबूज, आंबा, उसाचा रस, चिंचेचं पन्हं, सगळ्यांत पाणी आणि पोटॅशियम दोन्ही येतं. म्हणून घरात पाहुणे आले आणि "उन्हाचं आलेत, नारळपाणी द्या की" म्हणाले, तर त्यांना स्पष्ट सांगा.

किती पाणी चालतं? डॉक्टर साधारणपणे असा हिशेब सांगतात: चोवीस तासांत जेवढी लघवी होते तेवढं, अधिक सुमारे अर्धा लीटर. लघवी अजिबात होत नसेल तर पाणी फारच कमी. उन्हामुळं थोडं वाढवायचं का, हे डॉक्टरांनाच विचारा, मनानं ठरवू नका. आणि पाणी म्हणजे नुसतं तांब्यातलं नाही. चहा, ताक, आंबील, पातळ आमटी, बर्फ, कलिंगडाची फोड हे सगळं त्याच हिशेबात धरायचं.

एक ताई मला म्हणाल्या, "माणूस तहानेनं कासावीस होतंय अन् आपण त्याच्या हातातला तांब्या काढून घ्यायचा. पाप केल्यावानी वाटतं." हे दुःख खरं आहे. पण पाणी हिसकावून घेण्यापेक्षा तहान कमी करणं जास्त सोपं आहे. तहान लावतं ते मीठ. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, ठेचा, वरून घेतलेलं मीठ बंद केलं की दोन-चार दिवसांत तहान उतरते. आणखी काही उपाय:

• दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवा. संपलं की दिवस संपला.
• मोठ्या पेल्याऐवजी लहान कपात, घोट घोट द्या.
• चूळ भरून थुंकू द्या. तोंड ओलं राहतं.
• त्या मोजलेल्या पाण्यातलंच थोडं पाणी गोठवून बर्फाचा खडा चघळायला द्या.
• गोळ्या शक्यतो जेवणाबरोबरच द्या, म्हणजे वेगळं पाणी लागत नाही. कुठली गोळी कधी घ्यायची ते एकदा विचारून घ्या.
• दुपारी बारा ते चार उन्हात पाठवू नका.

बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. "बीपीला चांगलं" म्हणून काहीजणी आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. डायलिसिसच्या माणसाला ते मीठ देऊ नका. साधं मीठच, पण कमी.

उन्हाळ्यात दुसरी अडचण उलट बाजूनं येते. घाम जास्त, जेवण कमी, जुलाब झाले तर पाणी आणखी कमी, आणि बीपीच्या गोळ्या मात्र हिवाळ्याइतक्याच. मग उठताना चक्कर येते, मशीनवर बीपी एकदम पडतो, पायात गोळे येतात. बीपी फार उतरला तर हातावरच्या फिस्टुल्यात रक्ताची गुठळी होऊन तो बंद पडू शकतो. म्हणून रोज सकाळी फिस्टुल्यावर बोटं ठेवून बघा. थरथर लागली पाहिजे. नाही लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उद्यावर टाकू नका. बीपी सतत कमी येत असेल तर गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला.

ज्या ताईंचा स्वतःचा फिस्टुला आहे त्यांना एक सांगणं. त्या हातानं घागर, हंडा उचलायचा नाही. त्या हातात घट्ट बांगड्या भरायच्या नाहीत, बीपी मोजू द्यायचा नाही, सुई टोचू द्यायची नाही. टंचाईच्या दिवसांत टँकर आला की सगळ्याच पळतात. तिच्या वाट्याची घागर गटातल्या दुसऱ्या बाईनं भरावी.

पावसाळा: रस्ता, ताप आणि चुकलेली पाळी

पावसाळ्यात पहिला प्रश्न दवाखान्यापर्यंत पोहोचण्याचा. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम भागात नद्यांना आलेला पूर आपण पाहिला आहे. पुलावरून पाणी गेलं की एसटी थांबते, जीप थांबते. पण अंगात साचणारं पाणी थांबत नाही. आठवड्यात दोन डायलिसिस असणाऱ्याची एक पाळी चुकली तर मध्ये सहा-सात दिवसांचा खंड पडतो. हा खंड धोक्याचा असतो.

म्हणून मोठ्या पावसाचा इशारा आला की आदल्या दिवशीच सेंटरला फोन करा आणि पाळी अलीकडं घेता येते का विचारा. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, जिथं डायलिसिस चालू आहे तिथं नातेवाईक असतील तर दोन दिवस आधी जाऊन राहा. फाईल, रेशन कार्ड, आधार कार्ड आणि गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा.

तरीही अडकलाच, तर पाणी नेहमीच्या निम्म्यावर आणा. फळं, फळांचा रस, डाळी, पालेभाज्या, बटाटा पूर्ण बंद. मीठ जवळजवळ बंद. साधा भात, थोडी पोळी, यावर दिवस काढा. ही तात्पुरती सोय आहे, डायलिसिसच्या बदल्यात नाही. रस्ता मोकळा होताच दवाखाना.

दुसरा प्रश्न जंतूंचा. मानेत किंवा छातीत नळी, म्हणजे कॅथेटर, असेल तर ती पट्टी भिजू देऊ नका. पावसात भिजली तर घरी कापूस लावून झाकू नका, सेंटरमध्ये बदलून घ्या. थंडी वाजून ताप आला, मग तो मशीनवर असताना असो की घरी, "पावसाळी ताप असंल" म्हणून घरात बसू नका. नळीतून रक्तात जंतू गेले असतील तर ते तासातासाला वाढतात. गावात डेंग्यू, मलेरियाही याच दिवसांत असतो, त्यामुळं मच्छरदाणी हवीच. कावीळ ब ची लस झाली का, तेही फाईलमध्ये बघा.

सुगी आणि सणवार

पेरणी, खुरपणी, सोयाबीनची काढणी या दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "एवढं खळं होऊ द्या, मग जाते." बायका तर स्वतःची पाळी सगळ्यात आधी चुकवतात. नवऱ्याचं डायलिसिस असलं की बायको रोजगार बुडवून सोबत जाते. बायकोचं असलं की तीच म्हणते, मला काही होत नाही. ताईंनो, सोयाबीन दोन दिवस रानात राहिलं तर थोडं नुकसान होतं. डायलिसिस राहिलं तर माणूस जातं.

मग येतं नवरात्र. तुळजाभवानीचा उपवास आपल्याकडं घराघरात असतो. पण उपवासाचं ताट आठवा. बटाटा, रताळं, शेंगदाणे, खजूर, केळं, राजगिरा. एकजात सगळं पोटॅशियमनं भरलेलं. साधं जेवण परवडलं, असा हा उपवास आहे. घरातल्या दुसऱ्या कुणी उपवास धरावा आणि आजारी माणसानं देवीला हात जोडून साधं जेवावं. जीव सांभाळला म्हणून आई रागावत नाही.

भाजी करताना एक सवय लावा. भाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेकून द्या आणि मग फोडणी घाला. पोटॅशियम बरंचसं त्या पाण्यात निघून जातं. सगळं जात नाही, म्हणून भाजी बेतानंच द्या.

हिवाळा: बरं वाटतं, तेव्हाच सावध

थंडीत भूक लागते, तहान कमी वाटते, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. पण घाम नसल्यामुळं प्यालेलं पाणी अंगातच राहतं. वर दिवसातून चार-पाच वेळा चहा. बीपी हळूहळू चढतो. रात्री आडवं झाल्यावर धाप लागते, उशा वाढवाव्या लागतात, उठून बसावं लागतं, ही पाणी छातीत साचल्याची खूण आहे. त्याला "थंडीचा दमा" म्हणून काढा देऊ नका. काढा म्हणजे पुन्हा पाणीच, आणि झाडपाल्यातलं पोटॅशियम वेगळं.

वेळ अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, शेतात जेवायला सगळं घर जातं. भज्जी, आंबील, खीर. भज्जीत तूर, वाटाणा, हरभरा, पालेभाज्या, शेंगदाणे सगळं एकत्र असतं. आंबिलाचा एक पेला म्हणजे एक पेला पाणी, वर मीठ. डायलिसिसच्या माणसाला रानात जरूर न्या. सगळ्यांत बसू द्या. भज्जीची चव म्हणून एक-दोन घास द्या, आंबील दोन घोट, आणि त्यांच्यासाठी घरून वेगळा डबा न्या. पुढं हुरडा, बोरं, ऊस, तीळगूळ हे सगळं एकामागून एक येतं. प्रत्येक वेळी "एवढ्याशानं काय होतंय" म्हटलं की आठवड्याचा ढीग होतो.

थंडीत कातडी कोरडी पडून खाज वाढते. अंघोळीनंतर लगेच खोबरेल लावा. शेकोटीच्या धुरात बसवू नका. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.

वजनाची वही

आता या पाठातली सगळ्यात कामाची गोष्ट. डायलिसिस झाल्यावर अंगात जास्तीचं पाणी नसताना जे वजन असतं त्याला ड्राय वेट म्हणतात, आपण कोरडं वजन म्हणू. एक लीटर पाणी म्हणजे एक किलो. दोन पाळ्यांच्या मध्ये वजन चार किलोनं वाढलं, तर मशीनला चार तासांत चार लीटर पाणी ओढावं लागतं. एवढं ओढलं की बीपी पडतो आणि गोळे येतात. साधारण दोन-अडीच किलोच्या आत राहावं, असं डॉक्टर सांगतात.

पण कोरडं वजन कायम एकच नसतं. समजा जानेवारीत एका बाईचं कोरडं वजन ५० किलो ठरलं. उन्हाळ्यात जेवण कमी होऊन तिचं अंग दोन किलोनं उतरलं. मशीनवर मात्र अजून ५० लाच थांबवतात. म्हणजे तिच्या अंगात दोन लीटर पाणी तसंच राहिलं. काटा बरोबर दिसतो आणि बाईला धाप लागते. हिवाळ्यात उलटं होतं. भूक वाढून अंग भरतं, पण पाणी जुन्या आकड्यापर्यंत ओढलं जातं. मग चक्कर, गोळे, गळून जाणं. म्हणून ऋतू बदलला की डॉक्टरांना हा एक प्रश्न विचारायचाच: "साहेब, कोरडं वजन पुन्हा बघता का?"

यासाठी वही ठेवा. रोज सकाळी, लघवीनंतर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन घ्या. रकाने पाच: तारीख, वजन, बीपी, सूज किंवा धाप, आणि काय वेगळं खाल्लं. बचतीची वही लिहिता येते तिला हीसुद्धा येते. डॉक्टरांकडं जाताना ही वही फाईलबरोबर न्या.

मशीनचं पाणी

एका डायलिसिसला साधारण १२० लीटर शुद्ध पाणी लागतं. ते घरच्या प्यायच्या पाण्यापेक्षाही शुद्ध करावं लागतं, कारण ते एका पातळ पडद्यापलीकडून थेट रक्ताशी भिडतं. दुष्काळ म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्याच्या वीस वर्षं आधी, १९९६ मध्ये, ब्राझीलमधल्या कारुआरू गावात दुष्काळात डायलिसिस सेंटरला टँकरनं तळ्याचं पाणी आणलं गेलं. ते नीट शुद्ध झालं नव्हतं. त्यात शेवाळातलं विष होतं. शंभराहून जास्त रुग्णांना त्रास झाला आणि पन्नासच्या आसपास दगावले. घाबरवायला हे सांगत नाही. टंचाईत डायलिसिस सेंटरचं पाणी हा गावाच्या पाण्याइतकाच मोठा प्रश्न आहे, आणि तो विचारायचा हक्क आपल्याला आहे, एवढंच सांगायचंय. मशीनवर थंडी वाजली, मळमळ झाली, डोकं दुखलं तर त्याच क्षणी सिस्टरला सांगायचं.

गटानं काय करायचं?

• गावात किती जणांचं डायलिसिस चालू आहे, कुठं, कोणत्या वारी, याची यादी ग्रामसंघाकडं आणि आशाताईंकडं ठेवा.
• एकाच वारी जाणाऱ्यांची एक जीप ठरवा. भाडं वाटून घेता येतं.
• सोबत जाणाऱ्या ताईचा रोज बुडतो. ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून मदत देता येते का, हा ठराव बैठकीत मांडा.
• डायलिसिससाठी सावकाराकडं जाण्याआधी सरकारी सोय बघा. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, त्यात जिल्हा रुग्णालयांमधून गरिबांना डायलिसिस मोफत मिळतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, त्यांना भेटा. फोन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००.
• झोपल्यावर धाप, छातीत दुखणं, हातपाय एकदम लुळे पडणं, थंडी वाजून ताप, फिस्टुल्यातून न थांबणारं रक्त, यातलं काहीही झालं तर १०८. फिस्टुल्यातून रक्त आलं तर गाडी येईपर्यंत स्वच्छ कापड बोटांनी घट्ट दाबून धरा.

ज्यांच्या किडन्या अजून चांगल्या आहेत त्यांनी उन्हात काम करताना पाणी प्यायलाच हवं. शुगर आणि बीपी तपासून घ्या. आणि अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून रोज खाऊ नका. त्या गोळ्या किडनीला मारतात.

पुढच्या बैठकीत बोलायचे प्रश्न

१. आपल्या गावातल्या डायलिसिसच्या माणसाला ऊन, पाऊस, थंडी यांपैकी कशाचा जास्त त्रास होतो?
२. पूर आला तर त्याला दवाखान्यात कोण, कोणत्या रस्त्यानं नेणार?
३. त्या घरातली बाई दमली तर तिच्या जागी एक पाळी कोण जाईल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नावासकट लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात गटाला भेट देईन तेव्हा ती यादी मला दाखवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक